ग्रीसच्या बर्गरला फोडणी

ही गोष्ट आमच्या घरात तोंडाने सांगायला मला बंदी आहे. लिहायला बंदी नाही. बंदी घालणाऱ्या बाईच्या हे लक्षात आलं नाही, आणि मीही आणून दिलं नाही.

मी आयुष्यभर बोटीवर होतो, इंजिनरूममध्ये. आमच्या रत्नागिरीत ‘बोटीवर असतो’ म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. माणूस कधीतरी उगवणार, सेंटच्या बाटल्या आणि चॉकलेटं वाटणार, चार दिवस मासे खाऊन पुन्हा नाहीसा होणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. काही विचारत नाहीत म्हणून मग मीच सांगतो.

तर एका वर्षी ग्रीसच्या एका बंदरात आमच्या बोटीचं इंजिन बिघडलं. मुद्दाम बिघडलं असं माझं मत आहे, कारण त्या बंदरात एक खानावळ होती आणि त्या खानावळीत एक बाई. ती कोवळ्या मेंढीच्या खिम्याचे असे बर्गर करायची, की वास सुटला की समुद्रातल्या बोटी आपणहून बंदराकडे वळायच्या. नांगर टाकलेल्यासुद्धा! वर दह्याचा थंडगार सॉस. मी पहिल्याच दिवशी एवढं खाल्लं, की रात्री बोट एका अंगाला कलली आणि कॅप्टनने मला उठवून दुसऱ्या बाजूच्या केबिनमध्ये झोपायला पाठवलं. निघताना त्या बाईने सख्ख्या सुनेलाही न सांगितलेली कृती माझ्या कानात सांगितली. ग्रीकमध्ये. मला ग्रीक येत नाही, पण भुकेल्या माणसाला सगळ्या भाषा कळतात.

ही गोष्ट मी लग्नामुंजीत, गणपतीत, एसटीच्या रांगेत आणि एकदा दाढदुखीने बोलता येत नसताना दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतही सांगितलेली आहे.

बायकोचा या गोष्टीवर पहिल्यापासून राग. “तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा ती म्हातारी होती,” ती म्हणायची. “मग प्रौढ झाली. गेल्या गणपतीत तर तिला घारे डोळे फुटले. दरसाल ती बाई लहान होत चाललीय आणि मी इथे गुडघ्याला तेल चोळत्येय.”

“अगं, आठवण ताजी होत जाते.”

“आठवण ताजी होते, बाई नाही होत. आणि तुम्ही तिथे बोट कलंडेस्तोवर खात होता ना, तेव्हा मी इथे पोरीला कडेवर घेऊन छपरावरची कौलं परतून घेत होत्ये. ती आठवण माझी पण ताजी आहे.”

खरं सांगायचं तर त्या वर्षांचं माझ्याकडे घरातलं असं काहीच नाही. पोरगी कधी चालायला लागली, घराचा पाया कोणी बांधून घेतला, विहिरीला पाणी कधी लागलं, हे सगळं बायकोकडे. माझ्या वाट्याला आलं ते एक इंजिन, एक बंदर आणि हा बर्गर. म्हणून मी तो जपून वापरतो. म्हणजे, रोज वापरतो.

या मे महिन्यात मुलगी आणि जावई पुण्याहून यायचे होते. आठवडाभर आधी व्हिडिओ कॉलवर मी सहज ग्रीसला पोचलो, आणि जावई म्हणाला, “बाबा, एवढं सांगता तर या वेळी करूनच घाला की.”

जावई मूळचा लांज्याचा. दिसतो गरीब.

“केलं असतं रे,” मी म्हटलं, “पण त्याला मेंढी लागते. कोकणात कुठली मेंढी? पहिल्या पावसातच तिची लोकर भिजून ती घाट चढून परत जाते. आपल्याकडे सगळा बोकड.”

“आम्ही कोल्हापूरवरूनच येणार. तिथून कोवळ्या मेंढीचा खिमा बर्फात घालून आणतो.”

“ओरेगॅनो म्हणून एक पाला लागतो. तो तिथल्या डोंगरावरच—”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “फ्रिजच्या दारात पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या आहेत. आईने फेकल्या नसणार.”

आईने फेकल्या नव्हत्या. आमच्या घरातून आजवर रबरबँडसुद्धा बाहेर गेलेला नाही. तिने त्या पुड्या कॅमेऱ्यासमोर पत्त्यांसारख्या पसरून दाखवल्या, आणि तिथेच, लेकीजावयाच्या साक्षीने निवाडा दिला: “हे बघा. करून दाखवा. जमलं तर खुशाल सांगा, ती बाई शाळेत जाणारी करा हवी तर. नाही जमलं, तर ग्रीसची गोष्ट या घरात पुन्हा निघणार नाही. गणपतीत नाही, लग्नात नाही, माझ्या तेराव्यालासुद्धा नाही.”

फोन बंद झाल्यावर मी बराच वेळ आंब्याच्या पेट्या रचत बसलो. रचलेल्याच होत्या.

शनिवारी दुपारी लांज्याहून एसटीने विहीणबाई आल्या. जावयाची आई. व्याही काजूच्या कामात अडकलेले, म्हणून एकट्याच. आता मुलीची सासू घरी येणार म्हणजे काय असतं ते आमच्याकडे वेगळं सांगायला नको. त्या येणार म्हणून बायकोने पाण्याच्या टाकीचं झाकण पुसलं होतं. मला नवा शर्ट घालून स्टँडवर उभं केलं होतं. विहीणबाई तशा देवमाणूस, पण कामाला वाघीण. बसायला सांगितलं की उठतात आणि उठल्या की हाताला जे लागेल ते करून टाकतात. मागच्या खेपेला मी आंघोळीला गेलो तेवढ्यात त्यांनी माझ्या छत्रीची काडी शिवून ठेवली होती.

संध्याकाळी मुलगी-जावई खिमा घेऊन हजर. मी विरजलेलं दही मलमलच्या फडक्यात बांधून मोरीवरच्या खुंटीला टांगलं. ग्रीसचा सॉस पाणचट दह्याचा होत नाही, त्याला चक्का लागतो. एवढं केलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या युद्धाची आखणी करत झोपलो.

युद्ध बायकोशी होतं, असा माझा समज होता. तिच्या हाताला दोन सवयी आहेत. एक, तव्यावर पडणारी कुठलीही वस्तू ती आधी रव्यात घोळवते. बांगडा, सुरण, वांगं, काहीही. माझा मोबाइल एकदा ओट्यावर राहिला होता तेव्हा मी धावत जाऊन उचलला. दुसरी, दह्यात काही कालवलं की त्यावर फोडणी पडलीच पाहिजे. फोडणी नसलेली कोशिंबीर तिला कुंकू न लावलेल्या बाईसारखी वाटते. म्हणून रविवारी सकाळी मी पहिलं काम काय केलं, तर रव्याचा डबा माळ्यावर टाकला आणि फोडणीची पळी गादीखाली लपवली.

स्वयंपाकघरात आलो तर विहीणबाई आंघोळ उरकून चहा घेत उभ्या. माझ्याकडे बघून लाजल्यासारख्या हसल्या.

“भाऊ, माझ्यासाठी एवढं करायला नको होतं हो. घरातलीच ना मी.”

“छे छे, ताई,” मी म्हटलं, “तुम्ही कधी येता! आज तुम्हाला ग्रीसलाच नेतो.”

“तिथे काय बाई आणि,” असं काहीसं म्हणत त्या मुलीबरोबर मागच्या वाडीत फणस बघायला गेल्या.

खुंटी रिकामी होती. चक्का फ्रिजमध्ये स्टीलच्या पातेल्यात झाकून ठेवलेला. बायकोने ठेवला असणार, म्हटलं, आहे मनाने चांगली. झाकण काढलं आणि माझाच ऊर भरून आला. काय चक्का! गुळगुळीत, चकचकीत, गाठ म्हणून नाही. असं विरजण आजवर मला जमलं नव्हतं. किंचित सैल वाटला, पण रत्नागिरीच्या मे महिन्यात माणूससुद्धा सैल पडतो. वेलदोड्याचा वास आला, तर विहीणबाईंचा चहा.

मग मी कामाला लागलो. खिम्यात किसून पिळलेला कांदा, ठेचलेली लसूण, पुदिना, जिरं, दालचिनी, आणि पुड्या फाडून फाडून ओरेगॅनो. सगळं मळून पाण्याच्या हाताने चपट्या वड्या थापल्या. बायको दारात उभी राहून पदराने वारा घेत होती.

“हे तर आपलं कटलेट.”

“कटलेट नव्हे. बर्गर.”

“रवा लावला की कटलेट होईल. रवा कुठाय?”

“संपला.”

“काल दोन किलो आणलाय.”

“तरी संपला.”

तिने माळ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पदराने वारा घ्यायला लागली. हे लक्षण चांगलं नव्हतं.

सॉससाठी काकडी किसली, मीठ लावून पिळली. पिळलेलं पाणी बायकोने थालीपिठासाठी हिसकावून घेतलं. शेपूची जुडी बारीक चिरली. लसूण ठेचली, तीही ग्रीसला शोभेल एवढी, म्हणजे शेजारच्या घरातल्यांनी खिडक्या लावून घेतल्या एवढी. हे सगळं चक्क्यात कालवलं, आणि सवयीने बोट बुडवून तोंडाकडे नेलं.

“उष्टं करू नका!” बायको कडाडली. “विहीणबाईंच्या पानात वाढायचंय ते.”

आमच्या घरात रांधणारा चव बघत नाही. पान वाढून होईपर्यंत पदार्थाला जीभ लावायची नाही. मीठ अंदाजाने, तिखट वासाने. देवाला दाखवायच्या नैवेद्याचा हा नियम, पण आमच्याकडे तो कोलंबीलाही लागू आणि मटणालाही. बोटीवर आमचा भंडारी, म्हणजे आचारी, कढईत डोकं घालून चव बघायचा. पण बोटीवर विहीण नव्हती. मी बोट नळाखाली धुतलं. ते बोट त्या दिवशी तोंडात गेलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

जेवायला बसलो. बेकरीतले पाव लोण्यावर भाजलेले, वर तव्यावरून उतरलेली खरपूस वडी, कांदा, टोमॅटो. वास असा सुटला होता की मिरकरवाड्याच्या बंदरातून होड्यांचे भोंगे ऐकू आले, असं मी म्हणालो. जावई म्हणाला, “बाबा, तो रिक्षाचा हॉर्न.” मी सॉसचं पातेलं मधोमध ठेवलं आणि घसा खाकरला. गोष्ट सुरू करायची हीच वेळ होती.

विहीणबाई पातेल्यात डोकावल्या. काकडीचे आणि शेपूचे हिरवे तुकडे बघून त्यांचा चेहरा खुलला.

“अगो बाई, पिस्तेसुद्धा घातलेत!”

आणि आम्ही कोणी काही बोलायच्या आत त्यांनी मोठा चमचा भरून सरळ तोंडात घातला.

मी बोटीवर वादळं पाहिली आहेत. पण त्यांच्या तोंडावर त्या क्षणी जे जे येऊन गेलं, ते मी कुठल्या समुद्रात पाहिलेलं नाही. गोडाच्या ठिकाणी गोड लागलं, मग लसूण आली, मग शेपू आला, मग मीठ. त्यांनी घास गिळला. विहीणच ती, थुंकणार कशी? मग हळूच, शाळेतल्या पोरीसारख्या म्हणाल्या, “मी सकाळी... तो चक्का... मला वाटलं श्रीखंडाचाच आहे. आंबट झाला होता म्हणून साखर जरा सढळ घातली. पुरणयंत्रातून काढला, वेलदोडा घातला... म्हटलं, तेवढाच हातभार.”

चूक त्यांची म्हणू नका. मराठी घरात दही फडक्यात बांधून टांगलेलं दिसतं, ते दुसऱ्या कशासाठी? त्यातून विहीण आलेली. कोणीही तेच केलं असतं. आणि त्या बिचाऱ्या सकाळपासून मनात धरून होत्या, की भाऊंनी आपल्यासाठी चक्का बांधला.

त्यांचे कान लाल व्हायला लागले. मुलीने मान खाली घातली. जावई घास घोळवत आईकडे बघत होता. मी सॉस चाखला आणि माझ्या डोळ्यांसमोर ते ग्रीसचं बंदर, खानावळ आणि घाऱ्या डोळ्यांची बाई, सगळं एकदम बुडालं. संपली म्हटलं गोष्ट. बायकोला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘बघा, नाही जमलं.’

बायको म्हणाली, “अहो विहीणबाई, घाबरलात काय! तो सॉस गोडच असतो.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

“हो ना!” ती माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली. “ग्रीसला साखर घालूनच करतात. हे नेहमी सांगतात. ती खानावळवाली मूठभर साखर घालायची म्हणून. मी ह्यांना काल दहादा बजावलं, साखर विसरू नका. विसरलेच असते. तुम्ही घातलीत म्हणून वाचले.”

“खरंच की काय?” विहीणबाई माझ्याकडे वळल्या.

आता माझ्यावर कोणी अशी वेळ आणली की मी मागे हटत नाही. “साखर म्हणजे काय, ताई! त्या बंदरामागे मेंढ्याच उसाच्या मळ्यात चरतात. दूध गोड, दही गोड. तिथल्या मेंढ्यांना मुंग्या लागतात हो.”

“पण बाबा,” जावई मोबाइलकडे हात नेत म्हणाला, “मी तर असं वाचलं होतं की—”

टेबलाखाली काहीतरी धप्पकन वाजलं. त्यानंतर तो मुकाट्याने जेवला. मुलगी आईवर गेली आहे.

“फक्त शेवटचं एक राहिलंय,” बायको उठली. “पळी कुठाय?”

मी आणखी एक पाव घेतला.

“गादीखाली टोचत होती रात्रीपासून मला. आणत्ये.”

मी ती सकाळी लपवली होती, म्हणजे रात्रीपासून टोचणं शक्य नव्हतं. पण थापा मारायला आता तिने सुरुवात केलीच होती, तर मी कशाला टोकू? तिने तेल कडकडीत तापवलं, मोहरी, हिंग, हिरव्या मिरच्यांचे उभे तुकडे, कढीपत्ता, आणि ती फोडणी चर्रर्र करून ग्रीसवर ओतली. वर लिंबू पिळलं. सकाळभर मी जिच्यावर पहारा दिला तीच ती फोडणी. आणि काय सांगू! साखरेला मिरची भिडली, लसणीला हिंग सापडला, आणि खरपूस मेंढीबरोबर ते गोड-आंबट-तिखट असं काही लागायला लागलं की जावयाने पातेलंच जवळ ओढलं. विहीणबाईंनी दुसरा बर्गर घेतला. कानांचा लालपणा उतरून गालांवर आला आणि तिथे हसू होऊन राहिला.

“साखर नेमकी पडली हो माझ्याकडून,” त्या म्हणाल्या.

“अगदी ग्रीससारखी,” बायको म्हणाली.

जेवणं झाल्यावर मी मोरीपाशी तिला गाठलं. ती पळी घासत होती.

“म्हणजे जमलं म्हणायचं,” मी म्हटलं.

“श्रीखंडात लसूण कालवलीत, आणि जमलं?”

“मग तू तशी साक्ष का दिलीस?”

“तुमच्या गोष्टीसाठी नाही दिली. त्या बाईला माझ्या घरात ओशाळं होऊन उठू देणार होत्ये का मी? पोरगी नांदत्येय तिथे. साखर त्यांनी घातली म्हटल्यावर साखर ग्रीसला घालायलाच हवी होती.” पळी तिने खुंटीला लावली, चक्का टांगला होता त्याच. “पण ठरलंय ते ठरलंय. चव न बघता वाढलंत, ते जमलं नाही. ग्रीस बंद.”

मी वाद घातला नाही. तिने त्या दिवशी एका बाईची लाज राखायला माझं अख्खं बंदर उभं केलं होतं, विटासुद्धा तिच्याच. त्यानंतर बरेच दिवस मी खरंच गप्प राहिलो. पावस गावच्या एका लग्नात पंगतीत शेजारच्याने ‘तुम्ही बोटीवर होता ना?’ म्हणून विचारलं, तेव्हा मी ‘होतो’ म्हणून भात कालवला.

मग एका दुपारी विहीणबाईंचा फोन आला. त्यांनी लांज्यात ग्रीसच्या गोड सॉसची कीर्ती केली होती आणि त्यांच्या घरी चारपाच बायका जमल्या होत्या. त्यांना ते सगळं नीट ऐकायचं होतं, कृती आणि गोष्ट, दोन्ही. मी पेपर खाली ठेवला. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे बघितलं. मला बंदी होती ना!

तिने फोन स्पीकरवर टाकला, झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसली.

“त्याचं काय झालं,” ती म्हणाली, “ह्यांच्या बोटीचं इंजिन बिघडलं. आणि त्या बंदरात होती एक म्हातारी. नव्वदीची. तोंडात एक दात नाही, पाठीला हा एवढा बाक.”

नव्वदीची! मी हात वर केला. तिने दुर्लक्ष केलं.

“तर हे तिथे रोज जाऊन खायचे. एकदा त्या म्हातारीने विचारलं, घरी कोण रे तुझ्या? हे म्हणाले, बायको आहे, लहान पोर आहे, ती एकटीच कौलं परतून घेत्येय. तशी म्हातारीने ह्यांच्या पुढचं ताट ओढून घेतलं. म्हणाली, मेल्या, मग तू इथे काय खात बसलायस? शिकून घे आणि तिला करून घाल.”

पलीकडे बायका हसल्या. ‘बरं केलंन,’ कोणीतरी म्हणालं.

म्हातारी असं म्हणाली होती का, मला आठवत नाही. मला ग्रीक येत नाही. पण म्हणाली असेल तर बरोबरच म्हणाली.

“आणि खाऊन खाऊन बोट कलली ती,” बायको सांगत होती, आणि थांबली. फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली. “अहो, कुठल्या अंगाला कलली होती? डाव्या की उजव्या?”

“मला बंदी आहे,” मी म्हटलं.

“नाटकं पुरे. सांगा चटकन, त्या खोळंबल्यात.”

“डाव्या.”

तिने फोनवरचा हात काढला.

“उजव्या,” ती म्हणाली.